संध्याकाळचा चष्मा

ड्रायव्हरबाईचा राग सगळ्या डेपोला माहीत होता. पहाटेची पहिली बस कायम तिच्याच माथी मारणाऱ्या साहेबाला ती तोंडावर सांगायची, "एकदा स्वतः चालवून बघा, मग कळेल." साहेब हसायचा आणि पुढच्या आठवड्यातही तीच गाडी द्यायचा. असल्या माणसाला काय बोलणार?

पहाटे उठायचं तर लवकर झोपायला हवं, आणि झोप काही केल्या येत नव्हती. एकदा स्टिअरिंगवरच डुलकी लागली आणि बस फुटपाथला घासली. कुणाला खरचटलंही नाही, पण तिच्या काळजाचं पाणी झालं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, रात्रीचा लख्ख उजेड टाळा, नारिंगी काचांचा चष्मा लावून बघा. तिनं तो आणला. दिवे लागले की चष्मा डोळ्यांवर, तो थेट अंथरुणात शिरेपर्यंत. हळूहळू झोप लागायला लागली.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. त्यानं आधी यथेच्छ टिंगल केली. "वेल्डिंगला निघालीस का?" ती फणकारायची, "हसा. तुम्हाला कुठं बस चालवायचीय?" मग कधीतरी त्याची टिंगल थांबली. उलट दुकान बंद करून आला की दारातूनच विचारायचा, "चष्मा लावलास ना?" ती विसरली असली तर स्वतः आणून हातात द्यायचा. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याला अक्कल आली म्हणून तिला बरं वाटलं.

दोघांची गाठ पडायची ती संध्याकाळीच. ती अंधारात निघायची तेव्हा तो डोक्यावर पांघरूण ओढून झोपलेला. ती दुपारी परतायची तेव्हा तो दुकानात. सुट्टीचे वारही मेले वेगवेगळे, आणि हल्ली तर तिच्या सुट्टीला तो ती उठायच्या आत दुकान गाठायचा, स्वतःच्या सुट्टीला अंधार पडेपर्यंत बाहेर.

त्या संध्याकाळी त्यानं पुन्हा ताट सरकवलं. चार घासही पोटात गेले नव्हते. तिचं डोकं फिरलं. "दिवसभर गाडी ओढून मी रांधायचं आणि तुम्ही नखरे करायचे?" नारिंगी काचांतून धड भांडताही येत नाही म्हणून तिनं चष्मा काढून ताटाशेजारी आपटला आणि मान वर केली.

ट्यूबच्या उजेडात नवऱ्याचे डोळे पिवळेजर्द होते. गाल पिवळे, तळहात पिवळे. चष्म्यातून भिंत पिवळी दिसायची, दूध पिवळं दिसायचं, तसाच नवराही.

"दिवसभर आरशासमोर उभे असता तुम्ही. दिसलं नाही?"

"दिसलं," तो खाली बघत म्हणाला. "गिऱ्हाइकं म्हणत होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही विचारलं."

म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक, फक्त बायकोला नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि हा रोज मायेनं चष्मा हातात देत होता!

"तुला कळलं असतं तर झोप उडाली असती तुझी," तो पुटपुटला. "पहाटे परत डुलकी लागली असती. म्हटलं, उतरेल आपोआप."

"झोपेचं काय घेऊन बसलात? तुम्हाला काही झाल्यावर मी काय घोरत पडणार होते?"

शर्टही बदलू न देता तिनं त्याला दवाखान्यात नेलं. वाटभर बोलत होती आणि वाटभर त्याचं मनगट घट्ट धरून होती. डॉक्टरनं त्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं. उजवीकडे हात पडताच तो कळवळला.

"कधीपासून आहे हे?"

"झाले थोडे दिवस," नवरा म्हणाला.

"पेशंट कमीच सांगतात." डॉक्टर तिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. रोज बघता ना यांना? डोळे कधी पिवळे झाले?"

तिनं नवऱ्याकडे एक जळजळीत नजर टाकली.

"गल्लीत विचारा," ती म्हणाली, आणि रागानंच तिला रडू फुटलं.