वेस पाडायची घाई

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही वेस बघायला जाल, आणि तिथे आता बघायला काही उरलेलं नाही. वर्धा जिल्ह्यातलं, अल्लीपूरच्या पुढचं गाव, एवढं पुरे.

मी वर्ध्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर. सत्तावनच्या उन्हाळ्यात कानावर आलं की तिथली जुनी दगडी वेस पाडणार, कारण सर्व्हिस मोटार तिच्यातून जात नाही. पडण्याआधी निदान चित्र काढून ठेवावं म्हणून सुट्टी लागताच शनिवारी निघालो. बायको म्हणाली, "एवढ्या उन्हात दार बघायला जाणारे तुम्हीच!"

त्या बाजूला जायचं असेल तर सकाळची मोटार धरा. अल्लीपूरपर्यंत दहा आणे, टपावर बसलात तरी तेवढेच. पुढे बैलांची बंडी. काळ्या रानातल्या वाटेला अशा भेगा, की माझी हाडं खिळखिळी झाली. बंडीवाल्याने आपल्यातली चून-भाकर आणि कांदा दिला, पैसे काही केल्या घेईना. सामान कमी न्या, पाणी भरपूर न्या.

वेस मात्र काय होती हो! काळा दगड, कमानीच्या दोन्ही अंगांना हत्ती, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, वर विटांचा नगारखाना. आत शिरलो तर झळ लागायची थांबली. ही पाडायची?

सरपंचांकडे उतरलो. माणूस गोड बोलणारा. "मास्तर, तुमी चित्र काढून जासान. आमच्या इथं बाई अडली का बंडीत घालून न्या लागते. मागच्या पावसात एक रस्त्यातच गेली."

खरं होतं ते. रस्ता हवाच. बाहेरून वळवता नाही येणार का, असं विचारलं, तर म्हणाले, "तिकडं आखर हाय, गावची ढोरं बसतात." सोमवारी पाडणार होते.

रविवारी सकाळी वेशीसमोर चित्र काढत बसलो. एक बाई डोक्यावरची मोळी न उतरवता मागे येऊन उभी राहिली.

"भाऊ, वेस काढून राह्यले का? हत्ती लहान झाला तुमचा."

खरंच झाला होता! हसत हसत खोडला आणि नाव विचारलं. भागीरथाबाई. घर वेशीबाहेर. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन घरादारासकट बौद्ध झालेली. तिच्या लोकांची वरात या वेशीतून आजवर कुणी जाऊ दिली नव्हती.

"माह्या लग्नात माह्या मालकाले आखराकून आनलं, ढोराच्या वाटेनं. बुधवारी पोरीचं लगन हाय. म्या सांगतलं, माहा जवाई वेशीतून येईन."

आणि तिच्याकडूनच कळलं, वेस पाडायचं ठरलं होतं दिवाळीनंतर. हिने हे बोलून दाखवलं आणि अचानक सोमवार ठरला!

"मोटारीले आखराकून काऊन नाई जाता येत?" ती म्हणाली. "आमी जलमभर गेलो न!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कागद तिथेच टाकून सरपंचांकडे गेलो. "तीन दिवस थांबा. गुरुवारी पाडा, मी स्वतः घण धरतो."

"मजूर सांगून ठेवले ना मास्तर, बाहेरगावचे हायेत," ते हसत म्हणाले. "चहा घ्या."

मेलेल्या बाईचं नाव पुढे करून हा माणूस जिवंत बाईची वरात अडवत होता, आणि वर चहा पाजत होता! लाज कशी वाटत नाही तुम्हाला, असं तोंडावर विचारलं आणि चहा तसाच ठेवून उठलो. ती रात्र शाळेच्या ओसरीवर काढली.

सोमवारी दुपारपर्यंत कमान खाली आली. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. एकाने दंडाला धरून मला बाजूला केलं, बस. बाकी गाव बघत उभं होतं.

बुधवारपर्यंत मी राहिलो. वरात आली तेव्हा वाटेत दगडांचा ढीग होता. सरपंच पुढे होऊन म्हणाले, "या ना बाई, आता तं सारं मोकळं हाय."

भागीरथाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मोकळी जागा नोती पायजे मले. वेस पायजे होती."

नवरदेव बंडीतून उतरला आणि दगडांवर पाय देत आत आला. वाजंत्री जोरात वाजत होती. बाईच्या तोंडावर हसू नव्हतं.

घरी आल्यावर शाळेतले सोबती समजूत घालतात. मास्तर, देश नवा होतोय, जुनं काही सोडावंच लागतं. अहो, सोडा ना! मोटार यायलाच हवी, बाया वाटेत मरता कामा नयेत, हे मला कुणी शिकवू नये. पण तीन दिवसांनी कुठली मोटार चुकणार होती? फक्त एक वरात वेशीतून आली असती.