मीटरला पुण्य कळत नाही

गेल्या रविवारी सकाळी आंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला आणि फडकं घेऊन खाली गाडीपाशी गेलो. मीटरवरची धूळ पुसली, मोबाइल काढला... आणि फोटो न काढताच बराच वेळ स्टिअरिंगमागे बसून राहिलो.

आदल्या शुक्रवारी नागपूरहून भोपाळला परतताना बैतूलच्या अलीकडे एक नीलगाय आडवी आली. ती बिचारी उठून पळाली, पण गाडीचा एक हेडलाइट, बंपर आणि बॉनेटचा कोपरा गेला. मागच्या सीटवर आमच्या शेजारच्या काकू होत्या. मी घाबरून मागे वळलो तर त्याच विचारतात, "तुला लागलं का रे? नाही ना? मग डब्यातलं पिठलं सांडलं तेवढंच."

या काकूंबद्दल थोडं सांगतो. भोपाळच्या बरखेड्यात, आमच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या ओळीत त्या एकट्याच राहतात. नागपूरच्या डॉक्टरांकडे त्यांचे उपचार चालू आहेत, दर महिन्याला जावं लागतं. ट्रेनच्या पायऱ्या आता चढवत नाहीत, म्हणून जूनपासून मीच घेऊन जातो.

मी जातो हे कळलं की ओळीतले बाकीचेही येतात. कुणाची सांडग्यांची बरणी, कुणाच्या बहिणीची साडी, कुणाचे चष्म्याचे कागद... कॉलनीत माझ्या गाडीला 'बरखेडा ट्रॅव्हल्स' म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

आता चूक सांगतो. माझी पॉलिसी किलोमीटरवर आहे. वर्षाला गाडी कमी चालवाल तर हप्ता कमी, अशी. एजंटने विचारलं होतं, वर्षभरात किती चालते? कारखान्यात मी स्कूटरने जातो. बाजार, देऊळ, गावाच्या दोन फेऱ्या धरून मी साडेसात हजारांची मर्यादा घेतली. तेव्हा ते खरंच होतं.

पुढे काकूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीचे सातशे किलोमीटर... कंपनीचे मेसेजही आले, मर्यादा संपत आली आहे, वाढवून घ्या म्हणून. मी वाचले आणि बाजूला सारले. आपण काय फिरायला जातो का, असं मनात यायचं. त्या फेऱ्या मी गाडी चालवण्यात धरल्याच नव्हत्या, सेवेत धरल्या होत्या. पण मीटरला पुण्य कळत नाही. तो आपला पुढे जात राहिला, आणि मागच्या महिन्यात मर्यादा ओलांडून गेला.

मर्यादा ओलांडली की आपल्या गाडीचं नुकसान कंपनी भरत नाही. हे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते अपघातानंतर वाचलं.

शनिवारी एजंटला फोन केला होता, क्लेमला मीटरचा फोटो जोडावा लागतो म्हणून. अशोका गार्डन भागातला, जुन्या ओळखीचा माणूस, मनाने चांगला. तो हसून म्हणाला, "भाईसाब, आपने दशहरे पर गाड़ी की पूजा का फोटो भेजा था ना? उसमें मीटर साफ दिख रहा है, लिमिट के अंदर है. वही भेज दो, छोटा क्लेम है, कौन तारीख देखता है."

रात्रभर तो फोटो डोक्यात होता. हार घातलेलं स्टिअरिंग, मीटरच्या काचेखाली हळदीकुंकवाचं बोट... सकाळी बायकोला सांगितलं. ती पोहे परतत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. पण खोटंच पाठवायचं असेल तर दुसरा फोटो शोधा, अहो. तो पूजेचा आहे."

म्हणून मी खाली आलो होतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी गणित चुकलं तर रागवत नसत, पाटीवरचं उत्तर थुंकी लावून पुसलेलं दिसलं तर रागवत. तिथे बसल्या बसल्या ते आठवलं. चूक झाली होती, ती झाली होती. ती पुसायची की नाही एवढंच हातात होतं.

पैशांपेक्षा मला भीती वेगळीच होती. क्लेम गेला आणि कशामुळे गेला हे काकूंना कळलं, तर त्या माझ्या गाडीत पुन्हा बसणार नाहीत. त्या तशा मानी आहेत. उपचार अर्धवट टाकतील, पण कुणाला भुर्दंड पडू देणार नाहीत.

मीटरचा फोटो काढला, त्या दिवशीचा, खरा. तो कंपनीला पाठवला, आणि मर्यादा केव्हा ओलांडली तेही लिहिलं. दोन दिवसांनी क्लेम नामंजूर झाल्याचा मेसेज आला. नियमच तसा होता, तक्रार कुणाची करणार?

बायकोच्या पोटात गोष्ट राहिली नाही. संध्याकाळी काकू दारात हजर. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "मी आता येणार नाही, असं वाटलं ना तुला? रडत बसायला मला वेळ नाही. पुढच्या महिन्यात नेहमीसारखी सहाला तयार असते. पण आधी कागद नीट कर. मला म्हातारीला बिनकागदाच्या गाडीत बसवत होतास होय?"

त्यांचं खरं होतं. महिनाभर मी दुसऱ्यांची माणसं गाडीत घालून तसाच हिंडत होतो. देवाने ते एका हेडलाइटवर भागवलं. त्याचे, त्या पळून गेलेल्या नीलगाईचे, पोहे परतणाऱ्या बायकोचे आणि काकूंचे आभार कसे मानू कळत नाही.

गाडी परवा दुरुस्त होऊन आली. काल कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. आज सकाळी किलोमीटरची मर्यादा नसलेली पॉलिसी घेतली. फॉर्ममध्ये 'वर्षाला अंदाजे किती चालते' या रकान्यात पंधरा हजार लिहिलं, काकूंच्या सगळ्या फेऱ्या धरून.