वजरीनं घासलेला पाय

तळपायाचा काळा डाग कुरूप समजून मी त्याला बिब्ब्याचे चटके देत बसलो. तो निघाला त्वचेचा कॅन्सर, अन् नडगीवर त्याच्या तीन गाठी आल्या. डॉक्टरांनी थेट गाठींतच औषध टोचलं आणि मोजमापासाठी भोवती शाईची वर्तुळं काढली. बायको ती रोज गिरवायची. पुढच्या खेपेला, मोठ्या दवाखान्यात मळका पाय कसा न्यायचा म्हणून, मी टाच घासायच्या वजरीनं वर्तुळंच घासून टाकली.

"आता गाठी कुठं शोधू, काका?" डॉक्टर वैतागले. गाठींचा जुना फोटो समोर धरून त्यांनी नडगी दोनदा चाचपली. दोन गाठी सापडल्याच नाहीत. तिसरी ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती.

"यायनं घासून काढल्या काय?" बायकोनं माझ्याकडं बोट दाखवत विचारलं.

"औषधानं विरल्या," डॉक्टर हसले.

येताना मी बायकोच्या मागं रखडत आलो होतो; जाताना बसस्टँडपर्यंत तिच्या पुढं चालत गेलो.