रस्त्यापलीकडचा पंप

इथे परदेशात, रिकार्टन उपनगरातल्या आमच्या मराठी घोळक्यात अबोली सगळ्यांत कमी बोलणारी. नाशिकहून शिकायला आली, इथेच राहिली, जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली. २०१५च्या हिवाळ्यात कामावरून घरी येताना वळणाऱ्या एका गाडीने तिला उडवलं. खुब्याचं हाड जुळलं, चालही सुधारली, पण रस्त्याची धास्ती बसली ती बसलीच. सिग्नलला हिरवा माणूस दिसला तरी नवऱ्याचा, शुभमचा, दंड धरल्याशिवाय तिचं पाऊल पडत नसे. तो घरी नसेल तर समोरच्या डेअरीतून दूधसुद्धा येत नसे.

तीन वर्षांनी भावाच्या लग्नाला नाशिकला जाताना दोघांनी वाटेत व्हिएतनाममध्ये, सायगॉनला, एक दिवस घेतला. हौस शुभमची. हॉटेलातून बाहेर पडल्या पडल्या अबोली थबकली. समोर स्कूटरींचा लोंढा. दोन्ही बाजूंनी, फूटपाथवरूनसुद्धा. कुणाच्या मागे कोंबड्यांचा पिंजरा, कुणाच्या मागे आख्खा आरसा.

"डोळे मीट, मी नेतो," शुभम म्हणाला. तिने खरंच डोळे मिटले. पलीकडे पोचल्यावर त्याच्या दंडावर तिची नखं उमटली होती.

सकाळभर ते त्याच बाजूच्या बाजारात हिंडले. शुभमने नूडल्स खाल्ल्या, कॉफी प्यायली, सुक्या मासळीचे ढीग बघितले. अबोली मात्र मनातल्या मनात परतीचा रस्ता ओलांडत होती.

दुपारी बाजारातून बाहेर आले आणि शुभम खोकायला लागला. लहानपणापासूनचा दमा. त्यात ते ऊन आणि तो धूर. त्याने खिसे चाचपले, पाठीवरची बॅग उपडी केली.

"पंप खोलीत राहिला," तो म्हणाला. एवढं बोलताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

तिने त्याला एका रसवालीच्या स्टुलावर बसवलं. त्याच्या छातीतून शीळ वाजत होती. ओठांचा रंग तिला बरा वाटेना. रसवालीला तिने खुणा केल्या, त्या बाईने घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. फोनला तिथलं सिमकार्ड नव्हतं. हॉटेलची निळी पाटी समोरच दिसत होती, रस्त्यापलीकडे.

"चल, उठशील का?"

त्याने मान हलवली. नाही.

अबोली कडेला गेली. पाय उचलेना. इतक्यात शेजारून एक म्हातारा, हातात भाजीची पिशवी घेऊन, सरळ रस्त्यात उतरला. तिने न विचारता त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. त्याने वळून पाहिलं आणि चाल फक्त थोडी मंद केली.

खोलीत पंप बेसिनवर होता. ती धावत खाली आली आणि कडेला उभी राहिली. आता बरोबर कुणी नव्हतं. पलीकडे शुभम गुडघ्यांवर कोपरं टेकून, खांदे वर काढून बसलेला दिसला.

ती उतरली. स्कूटरी तिच्या अंगावर येत आणि ऐनवेळी वळत. कुणाचं तरी हँडल बाहीला घासलं. मध्यावर आल्यावर बस दिसली, हिरवी, हॉर्न वाजवत येणारी. अबोली जागच्या जागी गोठली. खुब्यात कळ उठली, जुनीच, गाडीने उडवलं तेव्हाची. बस काही वळणार नव्हती. डोळे मिटावेत असं तिला फार वाटलं.

"मी ओरडत होते," ती मला नंतर म्हणाली. "काय ओरडत होते आठवत नाही. पाय कधी हलले तेही नाही."

बसचा वारा तिच्या पाठीला लागला.

शुभमने पंप ओढला, पुन्हा ओढला. हळूहळू शीळ कमी झाली. बोलता यायला लागल्यावर तो म्हणाला, "बघ, आलीस की एकटी."

ते ऐकून अबोलीला रडू आलं आणि पाठोपाठ संताप. "परत असं म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी मेले असते, शुभम. तूही."

रसवालीने दोघांपुढे उसाच्या रसाचे ग्लास ठेवले. अबोलीच्या ग्लासातला अर्धा रस मांडीवर सांडला. थोड्या वेळाने त्यांनी हात करून टॅक्सी थांबवली आणि ते समोर दिसणाऱ्या हॉटेलात मोठा वळसा घालून गेले.