देवघरातलं हँडल

दत्तूकाका खुर्चीवर कधी पूर्ण बसत नसत. खुर्चीची पुढची चार बोटं त्यांची, मागची सगळी जागा मोकळी. "पाठ टेकली की उठायला दुप्पट मेहनत पडते, भिया," असं ते मला सांगत. मी त्यांचा सख्खा पुतण्या, पण ते साऱ्या माळव्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, त्यात मीही आलो. चपला ते दारात काढत, पण अंगठे रस्त्याकडे करून. पायात सरकवताना वळायला लागू नये म्हणून!

आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर धारेत आले आणि बसले ते बसलेच. काकांच्या मते सगळा घोळ तिथेच झाला. "घोड्यावरून उतरले, हीच चूक. बूड बसलं की बुद्धी बसते." स्वतः त्यांनी ती चूक होऊ दिली नाही. धारेत चित्रकलेचे मास्तर झाले, ते सोडून ट्रॅक्टरच्या दुकानात गेले, मग बडोद्याला, मग आणखी कुठे. नोकरी सोडणं एक वेळ चाललं असतं. पण काका घरही तसंच सोडत. एकदा गवारीच्या शेंगा आणायला म्हणून पिशवी घेऊन गेले आणि कितीतरी दिवसांनी खंडव्याहून कार्ड आलं: 'इकडे गवार कोवळी मिळते. काळजी नसावी.' एकदा तर आषाढात गेले ते दिवाळीच्या तोंडावर आले. फराळाला मात्र वेळेवर.

त्या खेपेला विमलकाकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाल तेव्हा खुशाल जा. पण परत याल तेव्हा मी इथे असेन, असं धरून चालू नका."

काकू बोलल्या की तसं करत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही. देवासला नवे कारखाने निघत होते, तिथे त्यांनी यंत्रांच्या देखभालीची नोकरी धरली, क्वार्टर मिळालं, आणि ते खरोखरच राहिले. राहिले म्हणजे कसे, तर पिंजऱ्यातला वाघ राहतो तसे. संध्याकाळी अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत येरझाऱ्या. खाट रोज नव्या भिंतीला. मीही त्याच कारखान्यात लागलो होतो आणि त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी मला जेवणाच्या बदल्यात एकच काम दिलं होतं: "यांच्यावर लक्ष ठेव."

आणीबाणी उठून लोक पुन्हा मोठ्याने बोलायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. धारेबाहेरच्या एका जुन्या बंगलेवजा कोठीतल्या सामानाचा लिलाव निघाला. वारस इंदूरला राहायला गेले होते. काकूंना आरशाचं सागवानी कपाट हवं होतं. भिंतीजवळची जागासुद्धा त्यांनी रिकामी करून ठेवली. काकांना धाडलं आणि लक्ष ठेवायला मला.

कपाटाची पाळी येईपर्यंत ऊन चढलं. मी कडुनिंबाखाली कचोरीवाल्याकडे गेलो. जबाबदार माणसाने उपाशीपोटी जबाबदारी घेऊ नये, असं माझं तेव्हाही मत होतं. तेवढ्यात कोठीमागच्या पडवीतून गलका ऐकू आला.

तिथे एक मोटार उभी होती. विलायती, कापडी टपाची, टप मागे सारून उघड्यावर हिंडायची, साहेबी काळातली. टपाच्या चिंध्या झालेल्या, मागच्या सीटवर कोंबड्या, रंग कुठला ते सांगायला धूळ पुसावी लागेल. लिलाववाला घसा फोडून सांगत होता, "बोलो भिया, बोलो! खड़ी हे तो क्या हुआ, हे तो मोटर ना!" आणि इंदूरचा एक भंगारवाला तिच्या पत्र्यावर टिचक्या मारत फिरत होता. काकांनी त्याला विचारलं, "चलेगी?"

तो हसला. "चच्चा, ये चलेगी नी. ये तो तुलेगी."

तुलेगी! म्हणजे भंगारात, वजनावर जाणार! काकांचा उजवा पाय जमिनीवर आपटायला लागला, हे मी लांबून पाहिलं. आणखी अर्धी कचोरी उरली होती. ती संपवून मी पोचलो तेव्हा काका रुमालाने मान पुसत बाहेर येत होते.

"झालं," ते म्हणाले.

"कपाट मिळालं?"

"दोन दारांचं मिळालं."

किती रुपयांना, ते सांगत नाही. तो आकडा उच्चारायची काकूंनी आमच्या घरात पुढे कायमची बंदी केली.

गाडी ट्रॅक्टरला बांधून धारेहून इंदूरमार्गे देवासला आणली. सुकाणूवर काका, मागे मी आणि कोंबड्यांचा वास. मागच्या सीटच्या स्प्रिंगने माझ्यावर जितकं लक्ष ठेवलं तितकं मी काकांवर ठेवलं नव्हतं. इंदुरात एका हवालदाराने गोंधळून सलाम ठोकला. काकांनी तो घेतला. मी पाहतच राहिलो, सलामामुळे नव्हे. काका पाठ टेकून बसले होते.

काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांनी गाडीला एक फेरी घातली.

"आरसा आहे का हिला?"

"आहे ना! हा बघ, छोटासा," काका उत्साहाने म्हणाले.

"मागचं दाखवणारा दिसतोय. बरोबर आहे. कोण मागे राहिलं ते दिसायला हवं तुम्हाला."

एवढं बोलून त्या आत गेल्या. आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला. ज्या माणसाला पायीसुद्धा आवरता येत नाही, त्याच्या हाती आता चाकं आली. गाडी सुरू झाली की दत्तूकाका गेले.

पण गाडी सुरू होईना. आणि ती होईना म्हणून काका जाईनात! सुट्टी असली की ते गाडीच्या पोटाखाली. एखादा भाग आणायला इंदूरला जात आणि संध्याकाळच्या बसने परत येत. शेजाऱ्यांनी सुचवलं, निदान रंग तरी द्या, दारावरचा हिरवा उरलाय आमच्याकडे. काका हात जोडत. "जशी आहे तशीच चालवायची. तोंडावरचे देवीचे व्रण खरवडले म्हणून माणूस देखणा होत नाही, ओळखू येईनासा होतो." फाटकी सीट तशीच, सोललेला रंग तसाच. फक्त कोंबड्या गेल्या.

काकूंची कांती सुधारली. दर चतुर्थीला त्या गणपतीला जास्त दुर्वा वाहत. कशासाठी, ते मी विचारलं नाही. विघ्नहर्त्याकडे कुणी विघ्न मागत असेल तर मध्ये बोलणारा मी कोण?

काही वर्षं अशी गेली. मग एका नवरात्रात, काकांनी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पुढून घालून फिरवलं आणि इंजिन खोकलं. एकदाच, पण छातीतून. काका अंगणात नाचले. स्वयंपाकघरातून करपलेल्या पोळीचा वास आला. आमच्या काकू पोळी करपू देणाऱ्यांतल्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. पूर्वी तलवारी असतील. आता विळी, अडकित्ता, काकांचे पाने, माझा एक बोथट स्क्रूड्रायव्हर. काकांनी हँडल स्वतः पुसून, कुंकू लावून पाटावर ठेवलं. पूजेतली वस्तू उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही, हा नेम. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर काकूंनी विळी उचलली, अडकित्ता उचलला, पाने काकांना दिले. हँडल राहिलं.

"आणि ते?" काकांनी विचारलं.

"त्याची उत्तरपूजा व्हायचीय."

"कधी?"

"होईल."

एकेका वस्तूची वेगळी उत्तरपूजा असते, असं मी तरी ऐकलं नव्हतं. काका देवघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी समईची वात सारखी केली. मग काका मागे फिरले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. हँडल देवांच्या शेजारी. रोज त्याला एक फूल. मला राहवेना. कारखान्यात लेथ होता. सकाळी सांगितलं तर दुपारी दुसरं हँडल हातात पडलं असतं. मी काकांना तसं म्हटलं. नाही तर धक्का मारू या, आख्खी कॉलनी येईल.

काका येरझारा घालायचे थांबले. "भिया, देवापुढचं एक आणि हातातलं दुसरं, असं करून मी निघालो, तर तुझ्या काकूला काय वाटेल?" मग पुन्हा चालायला लागले. "मी आजवर तिला न विचारता गेलो. आता ती विचारायला लावते आहे. लावू दे."

पण त्यांनी विचारलं मात्र नाही. विचारायची त्यांना सवयच नव्हती. काकूंनाही आपणहून द्यायचं नव्हतं. दोघांच्या मध्ये ते लोखंड, आणि मी दोघांकडचं जेवत होतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकूंनी मला अंगणात गाठलं. चेहरा उतरलेला.

"अरे, काल ते भाजी आणायला गेले."

"आणि?"

"आणि भाजी घेऊन आले!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "तुला कळत नाहीये. चपला आत फळीवर ठेवल्या त्यांनी. रात्रीपर्यंत खुर्चीत टेकून बसले होते, भिंतीकडे बघत. खाट आठ दिवस एकाच जागी आहे. हा माणूस घरात राहावा म्हणून मी देवाला वेठीला धरलं, आणि देवाने दुसराच कुणीतरी आणून बसवलाय रे."

त्या रविवारी काकू लवकर न्हाल्या. काका पेपर वाचत होते, मी पोह्यांची वाट बघत होतो. काकूंनी देवापुढे हळदकुंकू, गंध, फूल वाहिलं. हँडलवर अक्षता टाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुनरागमनाय च." उत्तरपूजेत ते देवाला उद्देशून म्हणतात, पुन्हा या म्हणून. काकू देवांकडे बघत नव्हत्या. मग पदराने हँडल पुसून त्यांनी ते काकांच्या मांडीवर, पेपरावर ठेवलं.

काकांनी पेपर बाजूला ठेवला आणि हँडल घेऊन ते उठले. बाहेर पुष्कळ झटापट झाली, माझ्या अंगठ्याला एक तडाखा बसला, आणि गाडी सुरू झाली. धूर असा की शेजारच्यांनी वाळत घातलेले पापड आत नेले. काका बसले आणि फाटकातून निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही. तो छोटा आरसाही तसा वाकडाच होता.

"मी सायकलने मागे जाऊ?" मी विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या, आणि बाफल्यांची, म्हणजे आमच्याकडच्या उकडून भाजलेल्या बाट्यांची, कणीक मळायला गेल्या. दोघांची की तिघांची, ते मी वाकून पाहिलं. तिघांची होती.

पुढचं काकांनी मला नंतर सांगितलं. ते मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. एका हाताला इंदूर, दुसऱ्या हाताला सगळा मुलूख. तिथे ते थांबले ते थांबलेच. मागचा ट्रकवाला ओरडला, "चच्चा, सो गए क्या?" काका मला म्हणाले, "जन्मभर निघत आलो रे, पण कुठे जायचं ते कधी ठरवलंच नव्हतं. नेहमी बस जाईल तिकडे गेलो. हिला तर मीच सांगायला हवं होतं."

फाटकाशी भोंगा वाजला. काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

"कुठे जायचं?" काकांनी विचारलं. गाडी बंद पडेल म्हणून ते खाली उतरले नाहीत, ओरडूनच विचारलं.

"मला विचारताय?"

"मग काय ट्रकवाल्याला विचारू?"

काकूंनी बोटांवरची कणीक काढली. "बागेला. लग्न झाल्यापासून त्या गावाचं बाग-बाग ऐकतेय. तिथली लेणी म्हणतात, तिथलं छापकाम म्हणतात. मी आपली चादर तेवढी पाहिलीय."

हात धुऊन, पिशवी घेऊन त्या बसल्या. मला म्हणाल्या, "कणीक झाकून ठेव. आणि कुलूप लाव." मी झाकली. स्वतःच्या हातचे बाफले खाऊन पाहिले. दोन दिवस पोट दुखत होतं.

ते परत आले बसने.

"गाडी?"

"अमझेऱ्याला आहे," काकू उत्साहाने म्हणाल्या. "बंद पडली. एका मास्तरांच्या आवारात ठेवलीय. पुढच्या सुट्टीत तिथून पुढे."

आणि तसंच झालं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सुट्टी आली की दोघं बसने गाडी होती तिथे जात. काका तिच्याखाली शिरत, काकू त्या घरच्या बायकांबरोबर भाजी निवडत. गाडी जाईल तेवढी जाई, बंद पडेल तिथे कुणाच्या तरी आवारात राही, आणि सोमवारी काका कामावर हजर. बाग झालं, मांडू झालं. सगळ्या धार जिल्ह्यात त्यांचे सोयरे झाले. खाट पुन्हा रोज नव्या भिंतीला लागू लागली, आणि काकूच तिचं दुसरं टोक धरत.

काका गेले तेही निघता निघताच. छातीत दुखलं म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. "पडून राहून करू काय, ते नाही सांगितलं त्याने," म्हणत ते कामावर जायला उठले. एक बूट पायात होता, दुसरा हातात.

गाडी तेव्हा धरमपुरीला होती, नर्मदेकाठी, एका नावाड्याच्या अंगणात. महिना उलटल्यावर एका संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. ट्रकचं विचारून ठेवलं होतं. "गाडी आणायला हवी ना काकू? इथे दारात राहील. काकांची आठवण."

"दारात उभी करायला आणली होती का ती?" काकू म्हणाल्या. "तो नावाडी म्हणत होता, मोठ्या नावेवर फळ्या टाकल्या तर पलीकडे नेता येईल. हे म्हणाले नेता येईल, मी म्हणाले बुडेल. तेवढ्यावरच राहिलंय. उद्या सुट्टी आहे ना तुला?"

"काकू, मला गाडी चालवता येत नाही."

"यांनाही कुठे येत होती?"

धरमपुरीची बस एवढ्या उशिरा मिळायची नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. तोवर काकू पिशवी घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.