आईची निळी टाइल

इंदूरच्या कमल शिंदे तीस वर्षं नदीतली रेती मोजतायत, आणि स्वभावही तसाच खरखरीत झालाय. गोड बोलणारा माणूस दारात आला की त्यांना आधी राग येतो.

नियम साधा. उन्हाळ्यात काढलेली रेती पावसाळ्यात नदीने परत आणली, तरच पुढच्या वर्षी काढायची. पाऊस संपला की कमलताई खड्डे तपासतात आणि अहवालात एक रकाना भरतात: 'भराव झाला का?'

यंदा तपासायची नर्मदेकाठची रेतीची खाण त्यांच्या धाकट्या भावाची, जयसिंगरावांची होती. सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. भावानेच तपासणीसाठी मुद्दाम त्यांचं नाव सुचवलं होतं, आणि कमलताई हो म्हणून बसल्या.

दहा फुटांचा खड्डा काठोकाठ भरलेला. शेजारचा काठ मात्र ढासळलेला, कुणाची तरी केळी मुळांसकट पाण्यात. कमलताईंनी सळई खुपसली. दोन फूट रेती, मग खट्. उकरलं तर मुरूम, विटा आणि एक निळी टाइल. ती त्यांनी लगेच ओळखली. आईने हट्टाने न्हाणीघरात लावून घेतलेली. आईचं घर भावाने उन्हाळ्यात पाडलं होतं, फ्लॅट बांधायला. रेती आणायला निघालेले त्याचे ट्रक रिकामे थोडेच जातात.

संध्याकाळी जयसिंगराव सराफा बाजारातली मावाबाटी, पाकातली खव्याची मिठाई, घेऊन हजर.

"ताई, लिहून टाक ना, भराव झाला म्हणून. खड्डा फुल आहे, झूठ थोडीच आहे?"

"कशाने भरलाय?"

"कागदावर एवढंच विचारलंय, झाला का. कशाने, ते कुठे विचारलंय? तू फालतू टेन्शन घेऊन राहिलीस."

"मी सही केली की तुझं पोकलेन परत उतरणार. उरलेली शेतंही नदीत जातील."

"नाही केलीस तर भाऊ जाईल. सोच ले."

कमलताईंना वाईट वाटलं, फार वाटलं. त्या उठल्या, टाइल धुऊन आणली, तिच्यावर मावाबाटी ठेवली आणि भावापुढे सरकवली.

जयसिंगरावांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मग कमलताईंनी त्याच्यासमोरच रकाना भरला: 'भराव झाला आहे. आमच्या आईच्या घराचा.' आणि खाली सही केली.