निजलेली सात घरं

सल्लागार मी पुष्कळ पाहिले, पण रस्ता चुकण्यात ज्यांचा हात धरणारा साऱ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, असे नकाशाचे तज्ज्ञ एकच. ते नेमके आमच्या वाट्याला आले. शहापूर-मुरबाड पट्ट्यातलं आमचं छोटं नगर, आणि मी तिथल्या कचेरीत घरपट्टीच्या टेबलावर. नगराचा डिजिटल नकाशा करायचं ठरलं, तज्ज्ञ हवा म्हणून जाहिरात निघाली. मुलाखतीला तिघे टाय लावून आले. चौथे हे. पन्नाशीचे, पायात चपला, ऐन थंडीत हातात छत्री, आणि किन्हवलीच्या गाडीत चुकून बसल्यामुळे तासभर उशीर. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "अनुभव किती?" हे म्हणाले, "हरवण्याचा? भरपूर." साहेबांना हसू आवरेना, तिथेच नेमणूक झाली आणि यांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी तंगडतोड सुरू. हे कोणाला पत्ता म्हणून विचारायचे नाहीत. टपरीवर चहा घ्यायचा आणि विचारायचं, "इथं माणूस चुकतो कुठं?" म्हणे पत्ता सगळेच सांगतात, चुकायची जागा कोणी सांगत नाही. टपरीवाला म्हणाला, "ह्या पिंपळापाशी सायेब. सगलेच चुकतात. आमीपन." झालं, नकाशावरचा पहिला ठिपका त्या पिंपळाचा! चालताना पावलं मोजायची सवय. मी काळजीने विचारावं, "जेवलात का?" तर उत्तर यायचं, "चारशे बारा." एकदा एका अंगणाची मापं घ्यायला म्हणून गेले ते दोन तासांनी परतले, गालांना हळद फासलेली. लग्नघर निघालं होतं आणि यांना पाहुणा समजून पाटावर बसवलं होतं. "नाही कसं म्हणायचं हो?" म्हणाले. अहो, माप? ते राहूनच गेलं होतं.

ड्रोनचे फोटो आले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण यांचं समाधान कुठलं व्हायला! "वरून देवालासुद्धा नुसती छपरंच दिसतात," म्हणाले, आणि नकाशा सोमवारी पाठवायचा असताना शुक्रवारी भर उन्हात मला गावाच्या टोकाच्या पाड्यावर घेऊन गेले. तिथल्या सात घरांना फोटोत छप्पर नव्हतं, म्हणून यांनीच नकाशात 'पडीक' लिहिलं होतं. पडीक म्हणजे घरक्रमांक नाही, आणि घरक्रमांक नाही तर येऊ घातलेला नळही नाही.

पाड्यावर माणूस एकच, गुडघ्यांनी दगा दिलेली एक म्हातारी. सात उघड्या जोत्यांपैकी एकावर बसून ती शेणाने जमीन सारवत होती.

"पडक्या घराला कशाला सारवता, मावशी?" यांनी विचारलं.

म्हातारीने हात थांबवला. "पडला नाय रे बाबा. घर निजलाय. पोरा वीटभट्टीवर गेलीत. छप्पर तिथं खोपीला लागतो म्हनून नेलाय. पावसाआधी येतील, मंग उठल घर."

हे तिथेच खाली बसले. ओल्या सारवणावर तळवा ठेवला. "मीच मारली हो यांची घरं," एवढंच पुटपुटले. वीस वर्षं घरपट्टी लिहितोय, पण त्या पाड्यावर मी दिवाळीनंतर, भट्टीच्या हंगामात, कधी फिरकलोच नव्हतो.

कचेरीत येऊन यांनी हट्ट धरला. नकाशात घराचे प्रकार तीन: चालू, बंद, पडीक; आणि 'बंद' लिहायलाही डोक्यावर छप्पर लागतं. यांना चौथा हवा, 'निजलेलं'. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, निजलेलं घर कुठल्या यादीत बसतं का? सोमवारी नकाशा गेला नाही, तर पुढच्या कामाला दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसऱ्या चहालाही नको न म्हणणारा हा माणूस म्हणाला, "बघा. पण पडीक लिहून मी सही करणार नाही."

सोमवार गेला, मंगळवार गेला, यांच्या सहीवाचून नकाशा अडला, गुरुवारी साहेब नमले. 'हंगामी बंद' असा शब्द निघाला, सातही घरांना क्रमांक मिळाले. पुढचं काम मात्र दुसऱ्याला गेलं. हे मला "येतो" म्हणाले आणि निघाले, तेही स्टँडच्या उलट दिशेला. मीच हाताला धरून वळवलं.

मृगाआधी भट्टीवरची माणसं परतली. घरांवर छपरं चढत होती तेव्हा मी क्रमांकाच्या पाट्या घेऊन पाड्यावर गेलो. म्हातारीने प्रत्येक पाटीवरून हात फिरवला. वाचता येत नव्हतं, तरी सातही पाट्या बघितल्या. मग माझ्या मागे बघत म्हणाली, "तो मोजनारा सायेब नाय आला?"

"काम संपलं, आजी. गेले ते."

"गेला? त्याचा घर कुठं रे?"

चार महिने त्या माणसाबरोबर दारोदार हिंडलो, गावातल्या गोठ्यांचीसुद्धा नोंद केली. पण तुमचं घर कुठं, घरी कोण असतं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"ठाऊक नाय गो, आजी," एवढंच मला म्हणता आलं.